फारकती-खावटीच्या टेबलावरून

वाशिमच्या कोर्टात मी नवरा-बायकोच्या केसेस चालवते. किस्से लिहून ठेवा, असं सगळेच म्हणतात. पण लिहायला बसलं की एक आठवतो, त्याच्या मागोमाग दुसरा येतो आणि पहिला राहूनच जातो! दुपारी बार रूममध्ये डबे उघडले की मात्र सगळे आपोआप बाहेर पडतात. वकिली मी शिकले ती माझे सीनियर गवई सर यांच्याकडे, आणि त्याहून जास्त समोरच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसांकडे. घरातलं सगळ्यात दुखरं ते एका परक्या बाईला सांगतात. त्यांचे आभार कसे मानायचे, ते मला अजून जमलेलं नाही.

*

आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावचा एक जण मोठ्या ऐटीत आला आणि सरांपुढे स्टॅम्प पेपर ठेवला.

"सर, फारकती झाली. दोघाईच्या सह्या, पंचाईच्या सह्या. आता दुसरं लग्न करायले हरकत नाई न?"

सरांनी कागद वाचला आणि परत दिला. "अक्षर चांगलं हाय. पण घटस्फोट कोर्ट देते बाप्पा, स्टॅम्प पेपर नाई. तुही बायको अजून तुही बायकोच हाय."

तो खुर्चीतच खचला. "पण सर, म्या बँड सांगतला न!"

"मंग बँडवाल्याले सांग, तारीख आता कोर्ट देईन!"

त्याने ऐकलं, हे महत्त्वाचं. दोघांनी रीतसर, संमतीने अर्ज केला आणि निकाल लागल्यावरच त्याने लग्न केलं. पत्रिका द्यायला स्वतः आला.

*

जऊळक्याहून एक म्हातारी आली. सोबत सून, सुनेच्या कडेवर पोर.

"मॅडम, माह्या पोरावर केस करा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण नाही. पोरगा दुसरीकडे राहायला गेला होता आणि घरी काहीच देत नव्हता. घटस्फोट न घेताही खावटी, म्हणजे पोटगी, मागता येते का, हे म्हातारीला विचारायचं होतं. येते, म्हटलं. तिने सुनेकडे पाहिलं, "पाय, म्या सांगतलं होतं का नाई?"

म्हातारी साक्षीला उभी राहिली तेव्हा मुलाचा वकील जरा चिडून म्हणाला, "आजी, तुम्ही मुलाच्या बाजूने आहात की सुनेच्या?"

ती म्हणाली, "मी नातीच्या बाजूनं हाव!"



*

खावटीवरूनच आठवलं. एका माणसाने शपथेवर सांगितलं की तो बेकार आहे. बायको शाळेत नोकरीला, म्हणून लेकीचा खर्च तिनेच करावा, असं त्याचं म्हणणं. आई कमावती असली तरी बापाची जबाबदारी संपत नाही, हे मी मांडतच होते, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

गडबडून त्याने तो बंद करायच्या ऐवजी उचलला! हळू आवाजात म्हणाला, "आत्ता कोर्टात हाव. दोन ट्रॅक्टर माल संध्याकायी पाठोतो."

सगळं कोर्ट हसलं. जजसाहेबही.

लेकीची खावटी ठरली. त्यानंतर त्याने एकही महिना चुकवला नाही, हेही सांगितलं पाहिजे. रस्त्यात भेटला की स्वतःच हसून सांगतो, "मॅडम, फोन सायलेंटवर हाय!"

*

मंगरूळपीरच्या एका वडिलांना कोणीतरी सांगितलं होतं की लेकरू पाच वर्षांचं झालं की ते बापाचंच. तसं नसतं. लहान लेकरू बहुधा आईकडे ठेवतात, पण पुढे आपोआप काही बदलत नाही. लेकराचं भलं कशात, ते कोर्ट पाहतं.

त्यांची मुलगी दुसरीत. जजसाहेबांनी तिला चेंबरमध्ये बोलावलं, आधी मैत्रिणींची नावं विचारली, मग हळूच म्हणाले, "तुला कोणाजवळ राहायचंय?"

ती म्हणाली, "शाळेजवळ!"

शाळा आईच्या घराजवळ होती. रविवार वडिलांचे ठरले. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "बरं झालं, तिले आमच्यातलं एक निवडा नाई लागलं." त्या वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

*

आणि हा शेवटचा. माझी पक्षकार, पदरात दोन वर्षांची मुलगी. नवऱ्याशी भांडण इतकं कडू की मुलीला भेटू द्या, असा त्याचा अर्ज आला तेव्हा तिने मला बजावलं, "एक तास. कोर्टातच. मिनिटभर जास्त नाई."

तसाच आदेश झाला. पहिल्या भेटीला मुलीने बापाला ओळखलंच नाही. तो हात पुढे करायचा, ती किंचाळायची. शेवटी तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

माझी पक्षकार दारात होती. ती आत गेली, मुलीला घेऊन त्याच्या शेजारी बसली. "अवं, हे तुये बाबा हायेत. बाबाले गाणं येते. म्हणा न जी." कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याशी बोलत होती.

त्याने घोगऱ्या आवाजात गाणं सुरू केलं. मुलीला त्याच्याजवळ ठेवून ती उठून बाहेर आली, माझ्या शेजारी बाकावर बसली आणि दाराकडे पाठ फिरवली. आतलं रडणं हळूहळू थांबलं.

तास संपत आला तसं मी डोकावून पाहिलं. मुलगी बापाच्या मांडीवर गाढ झोपली होती. तो पाय न हलवता बसून होता.

मी येऊन तिला सांगितलं.

तिने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, टाइम झाला म्हून झोपल्या लेकराले उठवाच लागते, असं कायद्यात हाय का?"