आमच्या वॉर्डातली बेबी, फिलिपिन्सची

सुट्टीत साताऱ्याला गेले की मैत्रिणी म्हणतात, "कुवेतचं काहीतरी सांग ना!" मी सुरू करते कुवेतपासून आणि पोचते फिलिपिन्सला. असे किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमच्या डायलिसिस वॉर्डात मी एकटी मराठी नर्स, बाकी बहुतेक सगळ्या फिलिपिनो!

*

पहिल्याच दिवशी इन्चार्ज म्हणाली, "चादरी बेबीकडून घे." मी लहान मूल शोधतेय! चोपन्न वर्षांची मदतनीस हसत पुढे आली. "बेबी मीच, सिस्टर! आमच्याकडे टोपणनाव म्हातारपणीही सुटत नाही."

आधी चौदा वर्षं ती इथल्याच घरांत मोलकरीण होती.

*

जेवताना विचारलं, "तुझं गाव कुठं गं?" तिनं ताटात भात पसरला. "ही आमची बेटं." मग बोट न दाखवता ओठांचा चंबू करून कडेचं एक शीत दाखवलं. "हे माझं. गेल्या वादळात गेलं." आणि चमच्यानं ते उडवून दिलं.

मी खळखळून हसले! त्यात तिचं घरही गेलं होतं, हे मला महिन्यानं कळलं.

*

सप्टेंबरात बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि हिचा ख्रिसमस ट्री तयार!

"अगं, अजून चार महिने आहेत!"

"आमच्याकडे सप्टेंबरातच सुरू होतो, सिस्टर. आणि लेक तिकडे गावी; तिच्याशिवाय एका दिवसात उरकायचा तरी कसा?"

*

दर शुक्रवारी ती फहाहीलला, तिच्या खोलीवर, जेवायला बोलवायची. मी म्हणायचे, "मी व्हेजिटेरियन गं!" शेवटी तिनं माझ्यासाठी मासळीचा सॉस न घालता वांगी करून आणली. वास नवा वाटला, म्हणून मी डबा न खाताच रिकामा केला.

"आवडलं?"

"फारच छान!"

दुसऱ्या दिवशी तिनं दुप्पट आणलं!

फहाहीलला मी कधी गेलेच नाही.

*

गेल्या वर्षी बेबी कायमची परत गेली. वादळानंतर स्वतःच्या कमाईनं बांधलेल्या घरात, लेकीजवळ राहायला. पंधरा दिवसांनी लेकीचा फोन आला.

"आंटी, ममा फ्रिज उघडायच्या आधी मला विचारते. 'उघडू का?' म्हणते. स्वतःच्या घरात!"

"मग तू काय म्हणालीस?"



"पहिल्या दिवशी मी मोबाइलमध्ये बघत होते, आंटी. वर न बघताच म्हटलं, 'उघड.'"