तोंडातली चिंच

माझ्या कादंबऱ्यांत खून पडत नाहीत. फार तर देवळातली समई नाहीशी होते, नाहीतर लग्नघरातून शालू जातो, आणि गावातलीच एखादी चौकस बाई चार घरी चहा पिऊन चोर हुडकून काढते. वाचक पत्रातून विचारतात, हे सगळं तुम्हाला सुचतं कुठून? मी लिहिते, ऐकलेल्या गोष्टींतून. हे खोटं आहे. मला जे काही सुचलं ते एकाच दुपारी सुचलं, अकराव्या वर्षी, आणि भीतीपोटी सुचलं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचं गाव चिखलीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. लग्नघरात शिपाई येणं म्हणजे अब्रूचा पंचनामाच, म्हणून घरातली चोरी घरातच निकालात काढायची पद्धत होती. ती काढायचे माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. ज्यांच्यावर संशय त्यांना ओळीनं बसवायचं, देवापुढे ठेवलेले चिमूटभर तांदूळ प्रत्येकाला चावायला द्यायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायला लावायचं. ज्याचे तांदूळ कोरडे तो चोर. पाप केलेल्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही, असं मोठेबाबा सांगत, आणि त्यांचं सांगणं आमच्या घरात कोणी तपासून पाहत नसे.

वैशाखात ताईचं लग्न होतं. सासरहून आलेली मोत्यांची नथ माजघरात पेटीत ठेवलेली. हळदीच्या दिवशी मन्यारीण चाची चुडा भरायला आली. ती वर्षानुवर्षं आमच्याकडे येणारी, बारीक, काळीसावळी, बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव पायी फिरणारी. मी तिला कैरीचं पन्हं नेऊन दिलं तर म्हणाली, "आज नाही बेटा, माह्या रोजा हाये." माझ्या हातात पेला तसाच राहिला, तो मीच पिऊन टाकला.

सगळ्याजणी चुड्याभोवती जमलेल्या पाहून मी माजघरात शिरले आणि नथ नाकाला लावून आरशात पाहिलं. फक्त पाहायचं होतं. मी चांगलीच दिसत होते, हे आजही कबूल करते. तेवढ्यात आत्याची पावलं वाजली. नथ पेटीत ठेवायला वेळ नव्हता. शेजारी शेवयांचा हारा होता, त्यात ती खुपसली. आत्या आली, हारा उचलला, रुखवताच्या खोलीत नेऊन ठेवला आणि खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. मी पाहत राहिले. नंतर बाहेर येऊन चाचीसमोर हात धरून बसले. "हात ढिल्ला सोड," ती म्हणाली. मला तो सोडता येईना. दोन बांगड्या फुटल्या. उरलेल्या नंतर भरते म्हणून तिनं माझा हात खाली ठेवला.

दुपारी नथ नाही म्हणून ओरड झाली. आईनं कपाळाला हात लावला. ताई रडायला लागली. सासरच्यांची वस्तू, उद्या लग्न, मंडपात काय तोंड दाखवायचं? मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मोठेबाबांनी देवघरातून तांदळाची वाटी मागवली. आमच्या गावात चोर ठरलेल्या एका मुलीला चाळिशीपर्यंत कोणी मागणी घातली नव्हती. तिची गोष्ट बायका आम्हाला जेवताना सांगायच्या.

माजघराच्या आसपास फिरकलेल्या चौघी ओळीत बसल्या: आत्या, पाणी भरणारी बाई, मी आणि चाची. माझी जीभ टाळूला चिकटलेली. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझे तांदूळ कोरडेच निघणार होते. तेव्हा ओच्यात बांधलेला चिंचेचा गोळा हाताला लागला. चिंच तोंडात टाकली की पाणी सुटतं, हे काही कोणी शिकवावं लागत नाही. मोठेबाबा आत्याकडे वळलेले पाहून मी गोळा गालात सरकवला.

आत्याचे तांदूळ ओले निघाले. पाणी भरणाऱ्या बाईचेही. माझे तर पानावर पचकन पडले. मोठेबाबा म्हणाले, "पोर निर्मळ हाये." मग चाचीची पाळी आली.

पहाटेपासून तिच्या घशाखाली थेंब गेला नव्हता आणि बाहेर वैशाखाचं ऊन पेटलेलं. नाही म्हणावं तर चोर, चावावं तर रोजा. तिनं डोळे मिटून तांदूळ तोंडात घेतले, काही गिळलं जाऊ नये म्हणून मान खाली घालून चावले आणि थुंकली. पानावर पांढरा भुगा पडला.

"पेटी खाली कर," मोठेबाबा म्हणाले.

तिची पेटी अंगणात पालथी झाली. हिरव्या काचा सगळीकडे. नथ मिळाली नाही, तर कोणी म्हणालं, बाहेर कोणाच्या तरी हाती दिली असेल. चाची एवढंच म्हणाली, "मी नाही नेली, मालक." रोज्याचं एक अक्षर नाही. घरात तो फक्त मला ठाऊक होता. मला ओरडायचं होतं, तिचा रोजा आहे, तिनं सकाळपासून पाणी प्यायलं नाही! पण तोंड उघडलं असतं तर चिंच दिसली असती. मी ओठ दाबून बसले. गालात गोळा विरघळत होता आणि मी आंबट थुंकी गिळत होते. चाची काचा वेचून निघून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी बसल्या जागेवरून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखवत मांडताना शेवयांतून नथ निघाली. सगळे हसले. घाईत कोणाच्या हातून पडली असेल, असं आत्याच म्हणाली. चाचीला निरोप गेला, लुगडं दिलं गेलं, मोठेबाबांनी तिच्याकडे न पाहता सुपारी खाल्ली. ती आली, कारण करवलीचा चुडा अपुरा होता. करवली मीच.

तिनं माझा हात हातात घेतला. आज तो आणखीच ताठ होता. बांगडी चढवता चढवता ती हळूच म्हणाली, "काल तुह्या तोंडाले चिंचेचा वास येत होता."

मी विचारलं, "मंग चाची, सांगितलं काऊन नाही?"

"हातावरून तं काल सकाळीच समजलं होतं मले," ती म्हणाली. "माह्यं काय बेटा, आज या गावात, उद्या त्या गावात. तुले इथंच राहा लागते." आणि दुसरा हात मागितला.

ती पुन्हा आमच्या गावात आली नाही. आमच्यातल्या एकीनं तांदूळ कोरडे निघाल्याचं पंचक्रोशीत पसरवलं होतं, आणि नथ सापडल्याची बातमी तेवढ्या लांब कोणी नेली नाही. मी तरी कुठे नेली?

माझ्या कादंबऱ्यांतली ती चौकस बाई बांगड्या भरते. हात धरला की तिला सगळं समजतं. आणि प्रत्येक पुस्तकात शेवटी चोर आपण होऊन उभा राहतो आणि सगळ्यांसमोर सांगतो, मी केलं. वाचक तक्रार करतात, असं खऱ्या आयुष्यात कोणी सांगत नाही. मला ठाऊक आहे.