नकाराचे शिक्के

अवधूत दामले यांनी उमेदीची सगळी वर्षं पंखे नापास करण्यात घालवली. पिंपरीकडच्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. पंखा टांगायचा, चालू करायचा, कान द्यायचा आणि जरा घरघरला की त्याच्या पाठीवर तांबड्या खडूने फुली मारायची. या फुलीचा त्यांना फार अभिमान होता. पंखे संपले की ते माणसांकडे वळत. कँटीनची उसळ, साहेबाचं इंग्रजी, शेजाऱ्याने मुलाला घेऊन दिलेली स्कूटर, काहीच त्यांच्या हातून पास होत नसे. कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी आधी भिंतीतला बाक दाखवला आणि मग पानावर बसवलं.

पुढे देशाची दारं उघडली. बाहेरचे पंखे आले, स्वस्त आणि गुळगुळीत, आणि कारखान्याच्या मालकाला एकाएकी कळलं की पंख्यांपेक्षा पंख्यांखालची जमीन जास्त मोलाची आहे. अवधूतरावांच्या हाती थोडी रक्कम, एक शाल आणि ‘स्वेच्छानिवृत्ती’ हा शब्द पडला. त्यांची इच्छा कुणी विचारली नव्हती. पहिलं वर्षभर त्यांनी मनापासून नोकरी शोधली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. जाल तिथे गळ्यात पट्टा अडकवलेली कुणी पोरसवदा मुलगी येई, “सर, तुमची प्रोफाइल आम्हाला सूट नाही होत,” म्हणे आणि पाणी विचारायचं विसरे. घर बायकोच्या, आनंदीबाईंच्या, शिकवण्यांवर चाललं होतं. सकाळी तिसरीची मुलं, संध्याकाळी सातवीची.

अशात स्वारगेटजवळच्या एका सेवाभावी मंडळाला बेकारांची दया आली. बंद कारखान्यांतल्या माणसांना नोकरी शोधायला, दवाखान्यात, सरकारी कचेरीत जायला निम्म्या दरात बसचा पास. कल्पना चांगली होती, त्यामुळे मंडळाने तिला लगेच अट लावली. पास पुढच्या महिन्यासाठी चालू ठेवायचा, तर तीन ठिकाणी नोकरी मागितल्याचा आणि ती न मिळाल्याचा शिक्का आणायचा. नाहीतर बेकार लोक सवलतीत सारसबागेला भेळ खायला जातील, अशी मंडळाच्या थोर मंडळींना धास्ती होती. म्हणजे महिनाभर नीट नाकारले गेलात, तर पुढचा महिनाभर नाकारले जायला सवलत.

दुसरा कुणी या अटीने खचला असता. अवधूतराव खुलले. इतकी वर्षं ते नापास करत आले होते, आता नापास होण्यातही त्यांनी कसब दाखवलं. कुठला दुकानदार चटकन नाही म्हणतो, कुठे उगाच बसवून ठेवतात, कुठे शिक्का पुसट उमटतो, सगळं त्यांना पाठ झालं. दारात उभं राहून ते विचारत, “तुमच्याकडे जागा वगैरे नसेलच ना?” असं विचारल्यावर हो कोण म्हणणार? समोरचा सुटल्यासारखा हसे, कागदावर ‘जागा नाही’ लिही आणि शिक्का मारी. अवधूतराव तो उजेडात धरून बघत आणि बसमध्ये येऊन बसत. रात्री जेवताना आनंदीबाईंना सांगत, “आज कर्वे रोडला फार सभ्य नकार मिळाला.” त्या बिचाऱ्या अर्धी पोळी जास्त वाढत. त्यांना वाटे, माणूस दिवसभर वणवण करतो आहे. वणवण तो करतच होता. फक्त नोकरी मिळू नये याची काळजी घेऊन करत होता, आणि याला तो स्वाभिमान म्हणत होता.

एका महिन्याचा पंधरवडा उलटला तरी एक शिक्का कमी होता. कोथरूडने त्यांना नाकारून झालं होतं, डेक्कनने दोनदा. तेव्हा त्यांनी विश्रांतवाडीची बस धरली. “तिकडे कोण ओळखतंय आपल्याला,” असं ते घरून निघताना म्हणाले होते. त्यांच्या ‘तिकडे’ या शब्दात बरंच काही मावत असे.

आळंदी रस्त्याला टायरच्या दुकानावर दशरथ ओव्हाळ यांचं ऑफिस होतं. नव्या कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती झाडून-पुसून चकचकीत ठेवायचं कंत्राट त्यांच्याकडे होतं. चाळिशीचा माणूस, टेबलामागे बुद्धाची तसबीर, पुढे चहाचा अर्धा कप. अवधूतरावांनी जिना चढता चढताच नाक मुरडलं होतं.

“तुमच्याकडे जागा वगैरे नसेलच,” ते म्हणाले. मग वर बघून सवयीने पुढे म्हणाले, “आणि हा पंखा उतरवा. बेअरिंग गेलंय त्याचं. आणि खिडकीची काच पुसली आहे की नुसती ओली केली आहे?”

दशरथने पंख्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, आणि मग या पाहुण्याकडे नीट पाहिलं.

“बसा की. पूर्वी काय करायचात?”

“तपासणीत होतो.”

“मग उद्यापासून या.”

अवधूतरावांना वाटलं, आपण नीट बोललो नाही. त्यांनी आपलं नाव लिहिलेला कागद पुढे सरकवला. “तसं नाही. मला ‘जागा नाही’ असा शिक्का हवाय.”

“पण जागा आहे.”

“असली तरी नाही असं लिहा.”

“दामलेसाहेब, माझ्याकडे पन्नास माणसं झाडतात, पुसतात. चांगली आहेत, पण कुणी कुणाला नावं ठेवत नाही. मला नावं ठेवणारा माणूस पाहिजे. ऑफिसची मंडळी यायच्या आत सगळे मजले फिरायचे. जिन्यापासून संडासापर्यंत जिथे घाण दिसेल तिथे परत करायला लावायचं. पगार वेळेवर देतो.”

इतकं मापात बसणारं काम त्यांना जन्मात मिळालं नसतं. खुद्द त्यांनाही क्षणभर ते कळलं, आणि त्या क्षणी ते घाबरले. नोकरी धरायची म्हणजे सकाळी उठून जायचं, चुकायचं, कुणीतरी आपल्याला तपासायचं. शिवाय टायरच्या दुकानावर, या माणसाच्या हाताखाली, आणि ‘संडास’ हा शब्द. भीतीला कारणं चटकन सापडली.

“मी पंखे तपासले आहेत,” ते ताठ होऊन म्हणाले. “संडास नाही. शिक्का देताय का?”

“खोटा नाही देणार,” दशरथ शांतपणे म्हणाला. “विचार करा. आठवडाभर थांबतो.”

घरी आल्यावर अवधूतरावांनी हा प्रसंग रंगवून सांगितला. टायरचा वास, अर्धा कप चहा, संडासांची देखरेख. आनंदीबाई हसतील अशा बेताने ते मध्ये मध्ये थांबत होते. त्या हसल्या नाहीत. हातातल्या वह्या त्यांनी बाजूला ठेवल्या.

“म्हणजे नोकरी मिळत होती?”

“तिला नोकरी म्हणतेस तू?”

“अहो, मिळत नाही म्हणून मी इतके दिवस गप्प होते,” त्या म्हणाल्या. “मिळते आणि तुम्ही घेत नाही, हे मला माहीत नव्हतं. आता मला राग येतोय.” एवढं बोलून त्यांनी वह्या पुन्हा ओढल्या आणि तपासायला घेतल्या. त्या रात्री पोळी वाढायला त्या उठल्या नाहीत.

सरळ माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने गेला असता. अवधूतराव फोनजवळ बसले. गरज त्या दशरथला आहे, त्याने दोनदा विनवावं, मग आपण उपकार केल्यासारखं हो म्हणावं, असा त्यांचा बेत. दशरथकडे त्यांचा नंबर नव्हता, ही गोष्ट त्यांच्या लक्षात चौथ्या दिवशी आली. तरी आणखी काही दिवस त्यांनी तोऱ्यात काढले. घरात आनंदीबाई कामापुरतं बोलत होत्या, भाजीला मीठ कमी आहे म्हटलं तर बरणी पुढे सरकवत होत्या. अखेर दशरथने सांगितलेला आठवडा उलटून गेल्यावर अवधूतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. “जाऊन येतो तिकडे,” असं स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले. आतून “बरं” असं आलं, पण फार दिवसांनी मऊ आवाजात आलं. ते ऐकून त्यांना भरून आलं, आणि बसमध्ये त्यांनी पहिल्यांदाच मनातल्या मनात नोकरी मागायची तालीम केली.

जिना चढून ते आत गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “मी यायला तयार आहे. सगळे मजले बघतो. संडाससुद्धा.”

दशरथने त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला.

“उशीर केलात हो. परवा एक बाई आल्या. बंद कंपनीतल्याच. आल्या तशा बोट फिरवून त्यांनी मला माझ्याच टेबलावरची धूळ दाखवली. मी तुमची वाट बघत होतो, पण आठवडा संपला होता. त्यांना घेतलं.”

“दुसरं काही?”

“सध्या नाही. असतं तर दिलं असतं.”

खाली टायर आपटल्याचे आवाज येत होते. अवधूतराव कप हातात धरून बसले. दशरथला त्यांची दया आली असावी. तो ड्रॉवर उघडत म्हणाला, “त्या दिवशी तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवलं, ते मनाला लागून राहिलं होतं. कागद आणलाय का? आज जागा नाही. आज खरं लिहून देता येईल.”

अवधूतरावांनी त्याच्या आवाजात टोमणा शोधला. टोमणा असता तर त्यांना सोपं गेलं असतं. पण माणूस मनापासून मदत करत होता. कागद त्यांच्या खिशात घडी करून ठेवलेला होताच, तो त्यांनी काढून दिला. दशरथने सावकाश लिहिलं, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत कागद दोन बोटांत धरून ठेवला आणि मग त्यांच्या हातात दिला.

“नीट उमटलाय ना?” त्याने विचारलं.

“उमटलाय,” अवधूतराव म्हणाले.

आता पुढचा महिनाभर त्यांना निम्म्या दरात पुण्यात कुठेही जाता येणार होतं, पण जायचं होतं ते कोथरूडला, जिथे आनंदीबाईंनी एव्हाना चहाचं आधण ठेवलं असेल.