ताशाच्या पट्ट्याचा डाग

दत्तप्रसादच्या मानेवर मागच्या बाजूला एक काळा पट्टा उमटला होता आणि त्याचा त्याला भलताच अभिमान होता. नारायण पेठेतल्या छपाईच्या दुकानात बसून तो दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिकांमधल्या चुका काढायचा. पण खरा जगायचा तो गणपतीच्या आधी, नदीपात्रात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला की. ताशा गळ्यात अडकवतात, त्याचा पट्टा मानेला घासतो. "मान बघितली की कळतं, कुणी किती वर्षं वाजवलंय," असं तो नव्या पोरांना सांगायचा आणि कॉलर खाली ओढून पुरावा दाखवायचा. पोरं बघायची. बिचारी जातात कुठे!

वारज्याच्या घरात मात्र मानेवरूनच कटकट चालायची. लेक शेफाली चौदाची. तिचीही मान काळवंडत चालली होती आणि तिचं कौतुक करायला कुणी तयार नव्हतं. बायको पूर्णिमा स्वच्छतेची कडक. दर रविवारी बेसन, दही, लिंबाची साल आणि एवढ्यानं भागलं नाही की पाय घासायची वजरी. "आंघोळ करतेस की नुसता नळ सोडून उभी राहतेस?" हे ठरलेलं. पोर रडायची, मान लाल व्हायची आणि पुढच्या आठवड्यात आणखी काळी दिसायची. एका लग्नात मावशीनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, मानेला पाणी लावत नाहीस?" त्या दिवसापासून शेफालीनं केस वर बांधणं सोडलं. दत्तप्रसाद यात पडत नसे. हा मायलेकींचा प्रश्न आहे असं ठरवून तो चहा घेऊन गॅलरीत जाऊन उभा राही. फार सोयीची जागा होती ती.

यंदा शेफालीनं पथकात यायचा हट्ट धरला आणि बापाची छाती फुगली. सरावाला ताशांचं बघणाऱ्या ऋषीनं तिच्या गळ्यात पट्टा घालायला केस बाजूला केले आणि तो मोठ्यानं म्हणाला, "दादा, तुमच्याकडे पट्टा जन्मतःच मिळतो का? हिच्या मानेवर ऑलरेडी आहे की!"

सगळे हसले. दत्तप्रसादही हसला आणि मध्येच थांबला. पोरीच्या गळ्यात ताशा आज पहिल्यांदा पडत होता. मग मानेला घासलं काय? त्याला स्वतःच्या काखेतला काळेपणा आठवला. त्याचं खापर त्यानं आजवर डिओवर फोडलं होतं. आणि मग वडील आठवले. रंगरावांची मान अशीच होती. त्यांनी जन्मात ताशाला हात लावला नव्हता आणि ते साखरेच्या दुखण्यानं गेले होते. दत्तप्रसाद घाबरला. स्वतःसाठी थोडा, पोरीसाठी फार.

दुसऱ्याच दिवशी तो दोघींना घेऊन डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरबाईंनी बापलेकीच्या माना पाहिल्या, काखा पाहिल्या.

"माझं ते ताशाच्या पट्ट्यामुळे आहे," दत्तप्रसादनं सवयीनं सांगून टाकलं.

"हो का? काखेतही ताशा अडकवता वाटतं आपण?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोघांच्या रक्ततपासण्या लिहून दिल्या.

रिपोर्ट आले तेव्हा तिघंही पुन्हा समोर बसले. दत्तप्रसादला मधुमेह होता, बहुधा बऱ्याच दिवसांपासूनचा. शेफालीला अजून नव्हता. पण तिचं शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं झालं होतं. म्हणून इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त तयार होत होतं आणि त्यानंच कातडी जाड, काळी, मखमलीसारखी होत होती. "हिला अजून मागे फिरता येईल," बाई म्हणाल्या. "खाणं सांभाळायचं, वजन उतरवायचं, रोज घाम गाळायचा. ताशा वाजवू दे की खुशाल. आणि मानेला घासणं आजपासून बंद. हा मळ नाहीये. घासून गेला नाही आणि जाणारही नाही."

दत्तप्रसाद गोळ्यांचं विचारत होता, पूर्णिमा भाताचं. शेफालीला यातलं काहीच नको होतं.

"म्हणजे मी घाणेरडी नाहीये ना?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"अजिबात नाही. कधीच नव्हतीस."

शेफालीनं वळून आईकडे पाहिलं. पूर्णिमानं हात पुढे करून लेकीच्या मानेवर ठेवला आणि शेफालीनं रविवारच्या सवयीनं डोळे गच्च मिटून खांदे आवळून घेतले.