बेल-भंडाऱ्याचा साबण

आमच्या घराण्यात कारखाना बुडवलेला मी एकटाच. (बाकीच्यांनी कधी काढलाच नाही, हा भाग वेगळा.)

कारखाना साबणाचा होता आणि तो शिरूरच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरमध्ये होता. सरांनी वर्गात खेळ लावला होता. प्रत्येक गटानं एक कंपनी चालवायची आणि दर शनिवारी साबणाचा भाव, उत्पादन, जाहिरात, गिऱ्हाइकाला द्यायच्या योजना ठरवून आकडे भरायचे. मदतीला एक प्रोग्रॅम होता. आकडे टाकले की तो नफा-तोटा आधीच दाखवायचा, वर सल्लाही द्यायचा. जिंकणाऱ्या गटाच्या म्होरक्याला रांजणगावच्या एका कंपनीत उन्हाळी ट्रेनिंग! ते मीच मिळवणार, असा माझा पक्का निर्धार होता.

अडचण एकच. समोरच्या कंपनीची मालकीण होती माझी चुलत बहीण सुनी. निमोण्याला आम्ही एकाच घरात राहायचो, एकाच एसटीनं कॉलेजला जायचो आणि जेवताना एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचो.

"भाव पाडून माझा बाजार खाल्लास तू!" मी ताटावरून ओरडलो.

"मंग तू बी पाड की! कुनी धरलंय व्हय तुला?"

थोरले चुलते आप्पा मळलेली तंबाखू तशीच हातात धरून उठले. घरचं भांडण वाढलं की भावकी बसवायची, ही आमची रीत. संध्याकाळी अंगणात घोंगडी अंथरली, पागोटी जमली.

"आप्पा, कारखाना खरा न्हाई! कॉम्प्युटरात हाय!" मी कळवळून म्हणालो.

"कुठं का असंना! भांडान तर घरात हाय न्हवं?"

चहा झाला आणि भावकीनं निकाल दिला: दोघांनी साबण एकाच भावानं विकायचा, भाव खाली आणायचा नाही. शपथ म्हणून आम्हाला बेल-भंडारा उचलायला लावला. आता कॉम्प्युटर काय, खुद्द सर आले तरी भाव हलणार नव्हता!

शनिवारी बघतो तर बाकीच्या गटांनी भाव उतरवलेले. प्रोग्रॅम म्हणाला, भाव कमी करा. मी तोच भाव भरला. पुढच्या शनिवारी त्यानं हेच लाल अक्षरांत सांगितलं. मी तोच भाव भरला! गोदामात इतका साबण साचला की अख्खी घोडनदी फेसाळली असती.

"अरे, मशीन हात जोडून सांगतंय तुला!" सर ओरडले.

"सर, भंडारा उचललाय."

"मग नफाही भंडाऱ्यालाच माग!"

कंपनी बुडाली. सुनीही बुडाली असणार, एवढंच समाधान होतं. निकाल लागला. सुनी पहिली!

"शपथ मोडलीस?" मी किंचाळलो.

"छ्या! भाव त्योच हाय की. म्या प्रोग्रॅमात भाव तसाच ठिवला आन् बाकीचं समदं बदलून बघितलं. एकावर एक फुकट दिलं तवा नफा दिसला. फुकटाचं भावकी कुठं काय बोलली हुती?"

सुनी रांजणगावला गेली. मला अक्षरशः रडू आलं. आप्पांची छाती मात्र फुगली होती. "पोरानं कारखाना घालवला, पन शबुद न्हाई घालवला!" हे ते बाजारापासून लग्नमांडवापर्यंत सांगत सुटले.

पुढं आप्पांबरोबर वरवंडला मुलगी बघायला गेलो. मुलीच्या वडिलांनी पोहे पुढं केले, मला न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "पाव्हनं, कारखाना बुडवला त्ये तुमीच न्हवं?"

मी काही बोलायच्या आत आप्पा अभिमानानं म्हणाले, "व्हय तर! आन् शबुद दिला, तर अजून धा बुडवील!"