मुरायला ठेवलेली नळकांडी

माझी मोठी बहीण अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात दाबाखालच्या वायूची छोटी नळकांडी बनवते. नळकांडं मुठीत मावतं. ते लाइफ जॅकेटमध्ये बसवलेलं असतं. दोरी ओढली की सुई त्याच्या तोंडावरची धातूची टोपी फोडते, आतला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि जॅकेट फुगतं.

अवघड काम त्या टोपीचं. जाड झाली तर सुई अडते. पातळ झाली तर दाब टिकत नाही. मधली जाडी सापडेपर्यंत बहिणीच्या पर्समधून जेवतानाही टोप्या निघत. "ताटाजवळ ते लोखंड नको," असं आई म्हणायची. बहीण टोपी उजेडाकडे धरून बघत जेवायची.

भरलेलं आणि गळून गेलेलं नळकांडं बाहेरून सारखंच दिसतं. फरक कळतो तो वजनावरून. म्हणून भरल्यावर प्रत्येक नळकांडं तोलून वजन त्याच्यावरच कोरतात, कोमट पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहतात. मग माल फडताळावर पडून राहतो आणि पुन्हा तोलला जातो. या पडून राहण्याला गाळ्यात 'मुरवणं' म्हणतात. शब्द बहिणीचा. लहानपणी आईच्या लोणच्याच्या बरणीला मुदतीआधी हात लावून तिने बराच मार खाल्ला होता.

यंदा वर्सोव्याच्या एका तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याने, आपल्या खलाशांसाठी अशी जॅकेटं मागवली. गेल्या हंगामात त्याचा एक खलाशी जाळ्याबरोबर पाण्यात ओढला गेला. तो सापडला नाही. जुनं, फोमचं जाडजूड जॅकेट बोटीतच पडलेलं होतं. जाळं ओढताना काखेत घासतं म्हणून कोणी ते घालत नसे. नारळी पौर्णिमेला बोट निघायची होती. त्याआधी तांडेल गाळ्यावर आला. पेपरच्या कामाला सुट्टी असल्याने मीही तिथेच होतो.

"ताई, पुनव तोंडावर आली. माल तर समोर दिसतोय."

"दिसतोय. मुरलेला नाही."

"काय गो, हे नळकांडं हाय का कोलंबीचं लोणचं?"

"लोणचं कच्चं राहिलं तर तोंड वाकडं होतं. हे कच्चं राहिलं तर माणूस जातो."

तो माझ्याकडे वळला. "तुम्ही पेपरवाले ना? लिवा, या बाईनं कोळ्याची बोट बांधून ठेवली."

"लिहू दे. तेवढीच त्याला बातमी," बहीण म्हणाली.

फेरवजनाच्या दिवशी एक नळकांडं हलकं निघालं. पाण्यात ते पास झालं होतं. टोपीच्या वेल्डिंगमधलं बारीक छिद्र बुजवून बसलेला कण नंतर सुटला असावा. बहिणीने ते पुन्हा तोललं, मग मला तोलायला लावलं. तिने त्याच्याबरोबर वेल्डिंग झालेला अख्खा ट्रे, म्हणजे अर्धा माल, बाजूला काढला.

"बाकीच्यांचं वजन बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"आज आहे. पुन्हा मुरवून तोलू."

ठरल्या दिवशी तांडेल आला. अर्धा माल अडकलेला पाहून त्याचा आवाज चढला. "एका फुसक्यापायी सगळी? माझे अर्धे खलाशी काय नुसत्या बनियनवर जातील?"

बहिणीने ते हलकं नळकांडं एका जॅकेटमध्ये बसवलं, जॅकेट त्याच्या गळ्यात घातलं, पट्टा आवळला.

"ओढा."

त्याने दोरी ओढली. फुस्स झालं. टोपी हवी तशी फुटली होती. जॅकेट छातीवर थोडं उचललं गेलं, कॉलर मानेपर्यंत आली नाही, आणि तिथेच थांबलं. त्याने बोटाने दाबून पाहिलं. खळगा पडला तो भरला नाही.

पट्टा सोडताना तो त्या बाजूला काढलेल्या ट्रेकडे बघत होता.

"पुनवेला दर्याला नारळ तेवढा देऊन येतो," तो म्हणाला. "बोट मागाहून काढू. ते मुरू दे."