मामीची साखर

मामीचा चहा पिऊन झाला की कपाच्या तळाशी न विरघळलेली साखर उरायची. ती साखर मामी करंगळीने पुसून खायची, अगदी पाहुण्यांसमोरसुद्धा. कोणी हसलं तर म्हणायची, "हसा की. मला तर चहा त्याच्यासाठीच लागतो."

मखमलाबादच्या पुढे मामांचा झेंडूचा मळा. फुलं मामा काढायचे आणि हार मामी ओवायची. द्वारका चौकातले फुलांचे दुकानदार तिचेच हार मागायचे. बोलता बोलता तिची बोटं चालायची, हाताकडे बघायचीही तिला गरज नसे. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले की माझ्या भाकरीवर साखर, दह्यात साखर, दुधात तर विचारूच नका. मी पुरे म्हटलं की ती आणखी एक चमचा घालायची. "माझ्या घरात पुरे म्हणायचं नाय."

पन्नाशी उलटली तशी तिची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. गुडघे सुजले, खांदा वर जाईना. मी इगतपुरीहून खास रजा काढून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं तर मधुमेह निघाला, तोही जुना. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "सगळं साखरेनंच झालंय असं नाही, वयही आहे. पण रक्तातली साखर अशी वर्षानुवर्षं चढलेली राहिली की सांधे आखडतात. वजन वाढतं, त्याचा भार गुडघ्यांवर येतो. वरून घालायची साखर आधी बंद करा."

मामीने मान डोलावली आणि घरी येऊन नेहमीसारखाच चहा केला.

तिची सून रेखा काळजीपोटी एक दिवस साखरेचा डबा लपवून बसली. मामी काही बोलली नाही. म्हणजे त्यानंतर ती रेखाशी बोललीच नाही. शेजारी जाऊन चहा प्यायची, हार पोचवायला गेली की थंड पेयाची बाटली संपवून यायची. एकाच घरात दोघी तोंडं फिरवून वावरत होत्या. हार कमी होत गेले, मग थांबले. दुकानदार दुसरीकडे वळले.

पुढच्या पावसाळ्यात चपलेने तिचा अंगठा घासला. पाय बधिर झाला होता, तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा जखम काळी पडली होती. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात मी आणि रेखा शेजारी बसलो होतो. मामी छताकडे बघत रेखाशी बोलू लागली, कितीतरी महिन्यांनी.

"माझी सासू साखर कुलपात ठेवायची. बाळंतीण होते मी, चहात घालायला चमचाभर मागितली. तर म्हणाली, बापाच्या घरून आणायची. तवाच ठरवलं, माझ्या घरात साखरेसाठी कोणाला विचारणार नाय. तू डबा लपवला ना, तर मला तू नाय दिसली. तीच दिसली."

"आई, मला सांगायचं होतं ना," रेखा रडत म्हणाली.

"काय सांगू? म्हातारी साखरेसाठी रडते म्हणून?"

घरी आल्यावर रेखाने डबा ओट्यावर तिच्या हाताशी ठेवला आणि विचारलं, "चहा कसा करू?"

"बिनसाखरेचा कर," मामी म्हणाली.

तिने साखर सोडली ती सोडलीच. औषधं वेळेवर घेऊ लागली. हळूहळू आखडलेली बोटं मोकळी झाली. दिवाळीनंतर मी गेले तर कुबड्या भिंतीला टेकवून ती ओसरीत बसली होती, मांडीवर फुलं. तिने माझ्यासमोर मूठ मिटून दाखवली. "बघ, मिटते. आधी सोडली असती तर पाय बी राहिला असता." समोर रेखा सुई घेऊन बसली होती. मामी तिला हार शिकवत होती, चुकलं की हातावर हलकेच चापट मारत होती. दोघी हसत होत्या. मला वाटलं, निभावलं.

पण मूत्रपिंडं आधीच गेली होती. थंडी सरायच्या आत मामीही गेली.

तेराव्यानंतर मी निघाले तेव्हा रेखा ओसरीत हार घेऊन बसली होती. ओवलेला नीट होता, फक्त खालचा गोंडा तिला बांधता येत नव्हता. पुन्हा पुन्हा फुलं गळून पडत होती.

"गोंडा उद्या दाखवते म्हणाल्या होत्या," ती म्हणाली.